खळ्याच्या भिंतीवरची चादर

मोबाईल अजून बेटांवर पोचले नव्हते, तेव्हाची गोष्ट. नाक्सोस बेटाच्या धक्क्यावर सकाळी सगळ्यांत मोठा आवाज आर्गिरिसचा असायचा. ‘एका दिवसात पाच बेटं’ हे वाक्य तो पाच भाषांत ओरडायचा आणि पाचही भाषांत चुकवायचा. तरी माणसं यायची. उन्हानं लालबुंद झालेली, पाठीवर बोचकी, डोक्यावर धक्क्यावरच विकत घेतलेल्या गवती टोप्या. बापानं ज्या लाकडी होडीवरून जन्मभर जाळी टाकली, तिच्यावर आर्गिरिसनं बाकं ठोकली होती, वर ताडपत्री ताणली होती आणि जाळी विकून टाकली होती. मासे दमवतात आणि पाहुणे पोसतात, असं तो म्हणायचा. त्यात खोटं काही नव्हतं. त्याची बायको थेआनो तिकिटं फाडायची, आणि हिवाळ्यात दोघं घराला एकेक खोली वाढवत होती.

रोजचा रस्ता ठरलेला. इराक्लियाला पोहणं, स्खिनूसाला जेवण, आणि शेवटी कूफोनिसीला सूर्यास्त. वाटेत ग्लारोनिसी लागायचं, पण तिथे होडी थांबायची नाही. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. काटेरी झुडपं, शेळ्या, एक पांढरं देऊळ आणि एकच घर. त्या घरात आर्गिरिसची मावशी कालिरोई आणि तिचा नवरा नोमिकोस राहायचे. आर्गिरिसची आई तो लहान असताना गेली, तेव्हापासून त्याचा प्रत्येक उन्हाळा या मावशीच्या घरी गेला होता. पोहायला काकांनी शिकवलं, शेळीचं दूध काढायला मावशीनं. मावशीची अंथूला नावाची मुलगी लग्न होऊन पिरेउसला गेल्यावर त्या दोघांचं म्हणावं असं जवळपास कोणी उरलं असेल, तर तो आर्गिरिसच.

ग्लारोनिसीवर फोन नव्हता. होती ती चादर. बेटाच्या टोकावर, खाडीकडे तोंड करून जुनं खळं होतं, दगडांच्या बुटक्या भिंतीचं. धान्य मळायचं कधीच बंद झालं होतं, पण भिंत कामाची होती. तिच्यावर पांढरी चादर पसरली, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले, की त्याचा अर्थ एकच: या. जिला दिसेल त्या होडीनं जायचं. कोणाला काय झालंय, हे तिथे पोचल्यावर विचारायचं. अंथूलाचा जन्म अशाच एका चादरीमुळे घरात न होता दवाखान्यात झाला, हे सगळ्या बंदराला ठाऊक होतं.

मग आर्गिरिसच्या डोक्यात खोल्या आल्या. घरामागे शेळ्यांचे दोन गोठे रिकामे पडले होते. ते पांढरे रंगवले, खाटा टाकल्या, दारं निळी केली, आणि एकांत शोधत फिरणाऱ्या परदेशी जोडप्यांना तो तिथे सोडू लागला. नोमिकोसकाका कुरकुरले. शेळ्या परवडल्या, त्या निदान सकाळी उठून पाणी तापवून मागत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मावशीला मात्र गंमत वाटली. तिला माणसं हवी होती. भाषा येत नसली तरी ती त्यांना पानात वाढून वाढून बेजार करायची.

पाहुणे आले की चादरी आल्या, आणि चादरी धुतल्या की वाळत घालाव्या लागतात. मावशीनं पहिल्यांदा त्या वाळत घातल्या खळ्याच्या भिंतीवर, कारण वारा सगळ्यांत चांगला तिथेच. एका दुपारी तीन होड्या धावत आल्या. आर्गिरिससारख्याच सहली काढणारा मांथोस कप्तान तर पाहुण्यांना अर्ध्या जेवणातून उठवून आला होता. मावशीनं सगळ्यांना कॉफी पाजली, मांथोसनं सगळ्यांना शिव्या घातल्या, आणि आर्गिरिसनं बंदरावर येऊन हसत हसत सांगून टाकलं, “आता ग्लारोनिसीच्या चादरीकडे लक्ष देऊ नका रे बाबांनो. मावशीनं हॉटेल काढलंय.”

नोमिकोसकाकांना ते अजिबात आवडलं नाही. त्याच आठवड्यात त्यांनी जेवणाच्या टेबलाशी मावशीला आणि आर्गिरिसला बसवून घेतलं आणि नियम घालून दिला. पाहुण्यांच्या चादरी यापुढे घरामागे, अंजिराच्या आडोशाला. खळ्याची भिंत फक्त हाकेसाठी. “आणि तू जाऊन सगळ्या कप्तानांना सांग,” काका आर्गिरिसला म्हणाले. सांगतो म्हणून आर्गिरिस निघाला. पण हंगाम अंगावर आला होता, इंजिनाचा पट्टा तुटला होता, आणि हसत सांगितलेली गोष्ट पुन्हा गंभीर तोंड करून सांगायला माणूस जरा लाजतोच. उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता ते राहून गेलं. नियम ठाऊक होता तो त्या टेबलाशी बसलेल्या तिघांनाच.

त्या उन्हाळ्यात चादर दोनदा दिसली आणि दोन्ही वेळा आर्गिरिस गेला. एकदा काकांची तंबाखू संपली होती. दुसऱ्यांदा अंजीर पिकले होते आणि ते थेआनोला ताजेच मिळावेत असं मावशीच्या मनात आलं होतं. दुसऱ्या वेळेला आर्गिरिसचं डोकं फिरलं. होडीत बसलेले डच म्हातारे घड्याळं बघत होते, आणि मावशी फडक्यात गुंडाळलेले अंजीर त्याच्या हातात देत होती. तो धक्क्यावरच ओरडला. चादर अंजिरांसाठी नसते, जिवावर बेतलं तरच ती घालायची, मी इथे पोट भरायला निघालोय, असं काय काय बोलला. मावशीनं मान खाली घालून ऐकून घेतलं. “बरं,” ती म्हणाली. “जिवावर बेतलं तरच.” अंजीर तरी घेऊन जा, असंही म्हणाली.

ऑगस्टच्या शेवटी अथेन्सहून क्लेआन्थिस नावाचा एक माणूस आला. त्याच्या हातात एका मोठ्या प्रवासी कंपनीचे पाहुणे होते. पुढच्या वर्षीचा सगळा उन्हाळा, आठवड्याला चार सहली, कोणा एकाला द्यायच्या होत्या. आर्गिरिसला की मांथोसला, हे तो स्वतः होडीत बसून ठरवणार होता. थेआनोनं आदल्या दिवशी बाकं घासली, आर्गिरिसनं दाढी दोनदा केली.

दिवस छान गेला. क्लेआन्थिस पोहला, जेवला, पाहुण्यांना विचारून आला आणि खूश दिसला. स्खिनूसा सोडली तेव्हा उत्तरेचा वारा उठायला लागला होता, लाटांवर फेस दिसू लागला होता. ग्लारोनिसीचं टोक वळून आलं आणि आर्गिरिसला खळ्याच्या भिंतीवर चादर दिसली.

त्यानं वेग कमी केला. होडीचं तोंडही थोडं तिकडे वळवलं. इंजिनाचा आवाज बदलताच पाहुण्यांनी माना वर केल्या, आणि क्लेआन्थिसनं जवळ येऊन विचारलं, काय झालं, इथे थांबायचं आहे का? ते पांढरं काय आहे?

“काही नाही,” आर्गिरिस म्हणाला. “मावशीनं कपडे वाळत घातलेत.”

तोंडातून गेलं आणि मग ते खरं असल्यासारखं वाटायला लागलं. मावशी म्हातारी झालीय, विसरली असेल. किंवा पुन्हा अंजीर. आता तिथे थांबलो तर वाऱ्यात होडी धक्क्याला लावायची, मावशी सगळ्यांना खाली उतरवणार, कॉफी करणार, आणि सूर्यास्त गेला. क्लेआन्थिस वहीत काय लिहील, ते आर्गिरिसला दिसत होतं. त्यानं स्वतःशी ठरवलं की माणसं कूफोनिसीला उतरवू, ती खातील-पितील, तेवढ्यात रिकामी होडी घेऊन येऊन बघून जाऊ. आणि वेग वाढवला.

कूफोनिसीला तळलेले मासे आले, वाइन आली. क्लेआन्थिसनं त्याला शेजारी बसवून घेतलं आणि पुढच्या वर्षाच्या गोष्टी सुरू केल्या. आर्गिरिस दोनदा उठला. पहिल्यांदा क्लेआन्थिसनं हाताला धरून खाली बसवलं. दुसऱ्यांदा तो धक्क्यापर्यंत गेला, समुद्र बघितला, या वाऱ्यात उगाच एकट्यानं कशाला, असं मनाशी म्हणाला आणि परत येऊन बसला. परतताना त्यानं दक्षिणेच्या बाजूनं होडी काढली. आडोसा मिळतो म्हणून, असं त्यानं पाहुण्यांना सांगितलं. त्या बाजूनं खळं दिसत नाही.

घरी थेआनोनं आधी क्लेआन्थिसचं विचारलं आणि मग, रोजच्यासारखं, मावशीचं. दिसली का?

“चादरी वाळत घातल्या होत्या,” तो म्हणाला आणि झोपायला गेला.

सकाळी मार्केलोस नावाच्या कोळ्यानं नोमिकोसकाकांना बंदरावर आणलं. संध्याकाळी ग्लारोनिसीच्या टोकावर जाळ दिसल्यासारखं त्याला वाटलं होतं, पण वारा इतका होता की धूर जमिनीलाच चिकटून गेला. पहाटे वारा पडल्यावर तो मनाच्या समाधानासाठी बघायला गेला, तेव्हा मावशी विझलेल्या झुडपांच्या राखेपाशी बसली होती आणि काका घरात खाटेवर गेलेले होते. डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाचं दुखणं. दुपारी छातीत कळ आली, तेव्हाच आणलं असतं तर कदाचित काही करता आलं असतं. कदाचित, असं ते दोनदा म्हणाले. आर्गिरिसनं तो शब्द घट्ट धरून ठेवला. दिवसभर तो स्वतःला सांगत होता की नाहीतरी गेलेच असते. आणि त्याच्याखाली दुसरं एक वाक्य होतं, जे त्यानं आणखी घट्ट धरलं होतं: मी निदान वेग तरी कमी केला होता. मी अगदीच दगड नाही. माझ्या मनात जायचं होतं.

अंथूला पिरेउसहून रात्रभर बोटीत उभी राहून आली. ती बापाची लाडकी होती आणि तिचं रडणं रागाच्या वाटेनं बाहेर पडत होतं. चादर दुपारपासून भिंतीवर होती, खाडीतून दिवसाला दहा-बारा होड्या जातात, आणि एकालाही ती दिसू नये? दफन झालं, आलेल्यांना कडू कॉफी आणि कोन्याकचा घोट देऊन झालं, तेव्हा तिनं आर्गिरिसला अंगणाच्या कोपऱ्यात बोलावून घेतलं.

“दादा, तू या लोकांत बसतोस-उठतोस,” ती म्हणाली. “मला कोणी खरं सांगणार नाही. कोणी पाहिली होती ते तूच शोधून काढ.”

नाही कसं म्हणायचं? तो धक्क्यावर गेला आणि होडी होडी करत विचारत सुटला. आपण काय करतोय ते त्याला कळत होतं, तरी पाय चालत होते. कप्तानांपैकी कोणी खोटं बोललं नाही. पाहिली होती, तिघा-चौघांनी सांगितलं. कपडे वाटले. मांथोस तर रडलाच. एवढा आडदांड माणूस, दोरखंडाच्या गुंडाळीवर बसून टोपीनं डोळे पुसत होता. “मी जवळून गेलो रे,” तो म्हणाला. “दोनदा गेलो. तू सांगितलं नव्हतंस का, लक्ष देऊ नका म्हणून? नाहीतर मी थांबलो नसतो का?” त्यात आरोप नव्हता. मांथोसच्या मनातही नव्हतं तसं. तो स्वतःलाच समजावत होता. मग त्यानं नाक पुसलं आणि सहज विचारलं, तू कुठून गेलास त्या दिवशी?

“दक्षिणेकडून,” आर्गिरिस म्हणाला. “आडोशासाठी.”

परतीच्या वाटेपुरतं ते खरं होतं.

त्यानं अंथूलाला जाऊन सांगितलं की सगळ्यांना ते कपडे वाटले. हेही खरंच होतं. खऱ्या गोष्टी अशा सोयीनं उभ्या राहतात, हे त्याला आधी माहीत नव्हतं. पण त्यातून जे झालं, ते त्यानं गृहीत धरलेलं नव्हतं. अंथूला ताडकन आईकडे वळली आणि अंगणात बसलेल्या बायकांसमोर बोलली, की हे तुझ्या खोल्यांपायी झालं. चार पैशांसाठी परक्यांच्या चादरी धुतल्यास, आणि माझ्या बापाची चादर कोणाला ओळखू आली नाही. बायकांनी तिला आवरलं, पण दुसऱ्या दिवसापासून बाजारात तेच बोलणं सुरू झालं. म्हातारीला हौस फार. या वयात हॉटेलं कशाला हवीत? भिंतीवर रोज पांढरं फडफडत असलं तर कोण बघणार?

 त्या भिंतीवर रोज काही फडफडत नव्हतं, घरामागच्या दोऱ्या कितीतरी दिवस तिथेच आहेत, हे मावशीनं एकदाही सांगितलं नाही. आर्गिरिस वाट बघत होता की ती सांगेल. मग त्याच्या लक्षात आलं की साक्षीदार दोनच होते, एक गेला होता आणि दुसरा तो स्वतः होता.

ग्लारोनिसीवर एकटं ठेवता येत नाही म्हणून मावशीला त्याच्याच घरी आणलं. शेळ्या मार्केलोसकडे गेल्या. अंथूलाला नोकरीवर परतावं लागलं, चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला येईन म्हणाली, आणि जाताना आईच्या गालाला गालही लावला नाही. मावशी रोज सकाळी काळ्या कपड्यांत त्याच्या टेबलाशी बसायची. थेआनो तिला दूध द्यायची, रस्क द्यायची, आणि ती ते बुडवून खायची, सावकाश. आर्गिरिसला तिच्यासमोर घास गिळवेना. तो पहाटेच बाहेर पडायला लागला. होडी आता रोजच दक्षिणेच्या बाजूनं नेऊ लागला. क्लेआन्थिसचं पत्र आलं, सहली त्यालाच मिळाल्या होत्या. थेआनोनं त्याला मिठी मारली, आणि तो तिच्या खांद्यावरून मावशीकडे बघत राहिला. मावशी मसूर निवडत होती. तिनं मान वर करून म्हटलं, “चांगलं झालं, बाळा.” पत्र खिशात कोंबून तो होडीकडे निघून गेला.

रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं. कधी वाटायचं की तिला काहीच ठाऊक नाही. त्या वयात लांबचं कुठे दिसतं? खाडीत दहा होड्या, त्यातली कुठली कोणाची ते तिला कसं कळणार? ही आशा त्याला फार आवडायची. आणि ती आवडते, म्हणून तो स्वतःचा फार तिरस्कार करायचा. थेआनोनं दोनदा विचारलं की तुला होतंय तरी काय. काकांची आठवण येते, तो म्हणाला. तेही खरंच होतं.

चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी मावशीनं कोलिव्याचे गहू उकडले, मेलेल्याच्या नावानं वाटायचे ते. साखर, बदाम, डाळिंबाचे दाणे, सगळं तिनं स्वतः केलं, कोणाला हात लावू दिला नाही. अंथूला आली. दुसऱ्या दिवशी देवळात प्रार्थना झाली आणि गाव घरी आलं. अंगणात टेबलं मांडली होती. आर्गिरिस कॉफीचे पेले न्यायला आत आला, तेव्हा बाहेर मेलपो नावाची शेजारीण अंथूलाला समजावत होती. आई आहे ती, तिची चूक झाली, पण आता माफ कर. “तुझ्या बाबांच्या आत्म्यासाठी तरी कर.” अंथूला म्हणत होती की करायचं आहे, पण जीभ वळत नाही.

मावशी स्वयंपाकघरात पाठ करून उभी होती. तिला सगळं ऐकू आलं होतं. तिनं फक्त चमचा पातेल्यात ठेवला.

आर्गिरिसनं दार लोटलं.

“मावशी,” तो म्हणाला. “त्या दिवशी मी दक्षिणेकडून गेलो नव्हतो. जाताना गेलो नव्हतो. मला चादर दिसली. कपडे नाहीत, हेही मला माहीत होतं.”

मावशीनं हात पुसले आणि खुर्ची ओढून बसली.

“मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “तुझी होडी मला ओळखू येत नाही होय? तुझ्या आजोबांनी ती बांधून घेतली तेव्हापासून बघतेय मी तिला.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“तू बोलावंस म्हणून.”

त्याच्या तोंडून जे निघालं, ते इतके दिवस घासून घासून गुळगुळीत झालेलं वाक्य होतं. “मी थांबणार होतो, मावशी. मी वेग कमी केला होता. तोंडही वळवलं होतं. मी येणार होतो.”

“हो,” मावशी म्हणाली. “मी बघितलं ना. मी झुडपं गोळा करून ठेवली होती, काडी हातात होती. चादर कोणी बघेनासं झालंय, हे मला दिसतच होतं, म्हटलं धूर करावा. धूर बघून कोणीही आलं असतं. तेव्हा समुद्र होड्यांनी भरलेला होता. तेवढ्यात तू आलास आणि वेग कमी केलास.”

तिनं टेबलावर सांडलेली साखर हातानं एका बाजूला सारली. 

“मी पळत आत गेले,” ती म्हणाली. “त्यांना म्हटलं, आर्गिरिसनं बघितलंय, तो माणसं उतरवून येईल, हाक दिली की येतोच तो. ते शुद्धीत होते. म्हणाले, मग मला धुतलेला शर्ट घाल, डॉक्टरपुढे असं जाणं बरं नाही. तो घालता घालता किती वेळ गेला, हात वर होत नव्हता त्यांचा. मग केस विंचरले. मग आम्ही बसून राहिलो. मी बाहेर जाऊन बघून यायचे, आणि ते विचारायचे, दिसतो का? मी म्हणायचे, येतोय. धूर करायचं मला सुचलं तेव्हा सगळ्या होड्या घरी गेल्या होत्या.”

बाहेर कोणीतरी कॉफीसाठी हाक मारली. थेआनो येते म्हणाली.

“तू सरळ निघून गेला असतास ना,” मावशी म्हणाली, “तर मी दुपारीच जाळ केला असता.”

त्यात राग नव्हता. तिनं ते अनेक वेळा मनात उलटंपालटं करून बघितलेलं असावं, इतक्या सपाट आवाजात ते आलं. आर्गिरिस खाली बसला, फरशीवरच, तिच्या पायाशी, आणि लहानपणी तिच्या मांडीत तोंड खुपसायचा तसं करायला गेला. मावशीनं त्याच्या कपाळाला हात लावून त्याला थांबवलं.

“इथे नको,” ती म्हणाली. “मला माहीत होतं ते मला सांगून झालं. आता बाहेर जा. ती पोर माझ्यावर रागावून उद्या बोटीत बसेल.”

“मला सांगता येणार नाही, मावशी.”

“मी चाळीस दिवस वाट बघितली,” ती म्हणाली. “त्या दिवशीही बघितली होती.”

तो उठला. पेल्यांचं ताट उचललं, कारण रिकाम्या हातांनी त्या दारातून बाहेर जाणं त्याला जमलं नसतं. अंगणात ऊन होतं. मांथोस होता, मार्केलोस होता, मेलपो होती, देवळातून आलेली सगळी माणसं गव्हाच्या पुड्या हातात घेऊन बसली होती. अंथूलानं त्याच्या हातातून ताट घेतलं आणि बस म्हणाली, दादा, किती राबतोस सकाळपासून.

तो बसला नाही. उभा राहून त्यानं सांगितलं. खोल्यांचं सांगितलं, काकांनी घातलेल्या नियमाचं सांगितलं, तो नियम आपण कोणालाच सांगितला नाही हे मांथोसकडे बघून सांगितलं. चादर दिसली आणि कशाची आहे ते कळलं, हेही सांगितलं. मांथोस उभा राहिला आणि परत बसला. थेआनोनं तोंडावर हात ठेवला.

वेगाचं तेवढं त्याला सांगवेना. ते गिळता येईल, असं त्याला क्षणभर वाटलं. ते फक्त मावशीला ठाऊक होतं, आणि ती आता काही बोलणार नव्हती. पण अंथूला त्याच्याकडे बघत होती, हातात अजून ताट तसंच, आणि तिच्या चेहऱ्यावर राग यायचा होता. अजून तिथे नुसतं न समजणं होतं.

“पण मग आईनं जाळ उशिरा का केला?” तिनं विचारलं. “ती इतकी शहाणी. चादर कोणी बघत नाही हे कळल्यावर दुपारीच का नाही केला?”

स्वयंपाकघराच्या दारात मावशी येऊन उभी राहिली होती. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. ती मुलीकडे बघत होती.

“माझ्यामुळे,” आर्गिरिस म्हणाला. “मी येतोय, असं वाटलं तिला. मी वेग कमी केला होता.”

अंथूलानं ताट टेबलावर ठेवलं. ती त्याच्या बाजूनं गेली, त्याला धक्काही न लावता, आणि आईसमोर जाऊन उभी राहिली.  मग तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि मावशीनं तिच्या केसांवर हात ठेवला. आर्गिरिसला वाटलं होतं की बोलून झाल्यावर काहीतरी हलकं होईल. अंगणातल्या कोणीही त्याच्याकडे बघत नव्हतं, आणि पहिल्यांदाच त्याच्यापाशी स्वतःला सांगायला काही उरलं नव्हतं.